हसणाऱ्याची जात

नाटकावर लिहिणारी माणसं बहुतेक फुकट्या पासावर आत गेलेली असतात. तिसऱ्या रांगेत बसायचं, मध्यंतरात निर्मात्याचा वडा खायचा आणि घरी जाऊन 'प्रयोग रंगला' असं लिहायचं. त्यांचं त्यांना लखलाभ. मी तिकीट काढून बघणारा माणूस आहे. गिरणी कामगाराचं पोर. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. तेराव्या वर्षी गावच्या जत्रेत पहिला तमाशा बघितला. तेव्हापासून तमाशा, लोकनाट्य, फार्स, एकपात्री, जलसा, दलित नाटक आणि आता हे पोरांचं स्टँडअप, जिथं म्हणून जिवंत माणूस समोर उभा राहून हसवतो तिथं मी गेलेलो आहे. व्यसनच म्हणा. दारूचं नाही लागलं, हे लागलं.

या व्यसनी माणसाला साठी ओलांडल्यावर एक प्रश्न पडला. आपण एवढी वर्षं हसलो ते कुणाला हसलो? तो प्रश्न कसा पडला ते आधी सांगतो, मग तुम्ही काय ते ठरवा.

दोन वर्षांपूर्वी भाचीनं मला पुण्यात एका कॉमेडी शोला नेलं. पोरगी कंप्युटरच्या कंपनीत आहे, पगार चांगला, मामाला नाटकाचा नाद हे तिला ठाऊक. पाचशे रुपये तिकीट. म्हटलं पाचशे रुपयांत आमच्या काळी आख्खा फड आला असता. आत गेलो तर तळघरासारखी खोली, शंभरेक खुर्च्या, समोर हातभर उंचीचं स्टेज, एक माईक, एक स्टूल, स्टुलावर पाण्याची बाटली. नेपथ्य नाही, पेटी-तबला नाही, मेकप नाही. मला बरं वाटलं. हा तर आपला सोंगाड्याच! ढोलकी तेवढी कुणीतरी काढून घेतलीय.

पोरगा हुशार होता. लोकल, आई, लग्न जमत नाही वगैरे झालं. मी पोट धरून हसलो. मग तो थांबला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "इथं कोट्यातून इंजिनियर झालेले कोण कोण आहेत? हात वर करा. लाजू नका, तुमच्यासाठी पहिली रांग राखीव ठेवलीय."

खोली फुटली. टाळ्या, शिट्ट्या. माझं तोंड हसण्यासाठी उघडलेलं होतं ते तसंच राहिलं. मी शेजारी बघितलं. भाची हसत होती. तिच्या पलीकडे तिच्या ऑफिसातली दोघं होती, त्यांच्याकडे बघून हसत होती. पण तिचा हात माझ्या मनगटावर होता, आणि तो तिनं असा आवळला होता की नखं रुतली.

बाहेर आलो. रिक्षाची वाट बघताना मी विचारलं, "का गं हसलीस?"

"मामा, सगळेच हसत होते. मी एकटीच गप्प राहिले असते तर शेजारच्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"मी कोण आहे ते."

यावर मी काय बोलणार? तिला रागवावं असं क्षणभर वाटलं. बापानं कर्ज काढून शिकवली, घरात बाबासाहेबांचा फोटो, दरवर्षी चैत्यभूमीला जातो आपण, आणि तू हसतेस? पण जीभ उचलली नाही. कारण हेच मी केलेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी. दादरला, शिवाजी मंदिरात.

*

१९८४ साल असेल. मी कॉलेजात. वर्गातली चार पोरं, सगळी दादर-पार्ल्याची, त्यांच्याबरोबर एका विनोदी नाटकाला गेलो. आम्ही बाल्कनीत, सगळ्यात स्वस्त तिकिटावर. नाटकाचं नाव सांगत नाही, कारण तसली नाटकं तेव्हा पैशाला पासरी होती. दिवाणखाना, सोफा, साहेब, बाईसाहेब, आणि घरकामाला एक गावाकडचा गडी. या गड्याला नाटककारानं एकच काम दिलेलं : चुकीचं बोलायचं. तो आला आणि म्हणाला, "बाईसायेब, पानी आनू का?"

पानी. ण च्या जागी न. एवढ्यावर सातशे माणसं हसली. पुढे तो 'आनि' म्हणाला, 'कोन' म्हणाला, 'लोनी' म्हणाला, दर वेळी थिएटर हसलं. माझे मित्र हसले आणि मीही हसलो. त्यांच्यापेक्षा थोडा मोठ्यानंच हसलो. आपला ण शाबूत आहे हे दाखवायला मोठ्यानं हसावं लागतं.

रात्री घरी आलो. आय जागी होती. म्हणाली, "आलास? पानी देऊ का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर लेख बरा वाटेल. पण खरं सांगतो, झोप लागली. चांगली लागली. काही लक्षातच आलं नाही. चाळीस वर्षांनी भाचीची नखं मनगटात रुतली तेव्हा ती रात्र आठवली. आय तेव्हा नव्हती माफी मागायला.

म्हणून हा लेख.

*

आता जरा धंद्याचं बोलू. जिवंत खेळात हसणं म्हंजे काय, हे आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे. सिनेमात तुम्ही हसा नाहीतर रडा, पडद्यावरचा माणूस तेच बोलणार. स्टेजवर तसं नाही. स्टँडअपवाली पोरं आधी छोट्या कट्ट्यांवर, ओपन माइकवर पाच-पाच मिनिटं नवं काहीतरी बोलून बघतात. ज्याला हसू येतं ते ठेवतात, ज्याला येत नाही ते कापतात. असं महिनोनमहिने गाळून गाळून तासाभराचा कार्यक्रम होतो. म्हंजे तो कार्यक्रम एकट्यानं लिहिलेला नसतोय. हसणाऱ्यांनी लिहिलेला असतोय.

तमाशातही हेच. गण होतो, गवळण होते, त्यात पेंद्या आणि मावशी कृष्णाला अडवतात. मग बतावणी, आणि शेवटी वग. यातली बतावणी कुठं लिहून ठेवलेली असते? सोंगाड्या माणसं बघतो, गाव बघतो, समोर पाटील बसलाय का फौजदार बसलाय ते बघतो, आणि तिथल्या तिथं जोडतो. काल ज्याला हशा मिळाला ते आज जास्त वाढवून बोलतो. फार्समधला नट सुद्धा हशा कुठं येतो ते मोजून तेवढा थांबतो. म्हणजे हशा हे मत आहे. तुम्ही हसलात की तो विनोद उद्याच्या प्रयोगाला निवडून आला. नाही हसलात की पडला. भाची हसली, तिच्यासारख्या त्या खोलीत आणखी चार-पाच असतील, त्याही हसल्या असतील. त्या कोट्याच्या विनोदाला आमच्या माणसांची मतं पडली. आमचीच मतं घेऊन आमच्यावर निवडून येण्याची ही रीत आपल्याला निवडणुकीत माहीत आहे. थिएटरातही तीच आहे.

*

प्रस्थापित समीक्षेनं तमाशाचं कौतुक करताना एक वाक्य पाठ केलेलं आहे : तमाशात सोंगाड्या राजाचीही खिल्ली उडवतो, म्हणून तमाशा ही लोकशाही कला. मीही बरीच वर्षं हे मानत होतो. कारण मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. काळू-बाळूच्या फडाचा 'जहरी प्याला' ज्यांनी बघितला त्यांना विचारा. कवलापूरचे हे दोघे जुळे भाऊ, एकासारखा एक दिसणारे, हवालदाराच्या वेषात आले की तंबू हलायचा. सरकारचा गणवेश अंगावर आणि आत आपल्यासारखा गडबडलेला माणूस. पोलिसाचा मार खाल्लेली माणसं पोलिसाला हसत होती. ते हसू खरं होतं, त्याला मी खोटं म्हणणार नाही. दादू इंदुरीकरांनी 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार असा उभा केला की संगीत नाटक अकादमीला त्यांना पुरस्कार द्यावा लागला. ही माणसं मोठीच होती.

पण जत्रेतला दुसरा दिवस कुणी बघितलाय? आमच्या गावी तेराव्या वर्षी जो तमाशा मी बघितला त्यात सोंगाड्यानं पाटलाची सोंग करून पार अब्रू काढली. पाटील पुढच्या बाजेवर बसून हसत होता, मिशीवरून हात फिरवत होता, वरून पाच रुपये दिले. सकाळी मी चुलत्याबरोबर विहिरीकडे गेलो. तोच सोंगाड्या पाटलाच्या वाड्याबाहेर उकिडवा बसलेला. बिदागी मागायला. भाकरी त्याला लांबून दिली, पाणी वरून ओतलं. रात्रीचा राजा सकाळी पुन्हा आपल्या जातीत.

माझा चुलता म्हणाला, "रातच्याला बोलायची मुभा हाय बाबा. दिसा नाय."

चुलता निरक्षर होता. पण तमाशावरचं याच्याइतकं नेमकं वाक्य मी छापील समीक्षेत वाचलेलं नाही. मुभा. परवाना. फडातली माणसं बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. त्यांना एका रात्रीपुरतं राजाला हसायचा परवाना होता, कारण दिवस उजाडल्यावर काही बदलणार नाही याची राजाला खात्री होती. पाटील का हसत होता? त्याची भीती गेलेली नव्हती म्हणून नव्हे, त्याला भीती नव्हतीच म्हणून. हे परवान्याचं हसू.

याच्या विरुद्ध दुसरं हसू आहे. हक्काचं. त्याचा जन्म कुठं झाला ते बघा.

मराठी रंगभूमीचा जन्म १८४३ चा, सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवर'नं, असं शाळेत शिकवतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतिबा फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. जोशीबुवा एका गरोदर कुणबी बाईला पोटातल्या पोराच्या ग्रहांची भीती घालून लुबाडतो, नवराबायको कर्जात बुडतात, शेवटी शिकायला निघतात. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेलं. कमिटीतल्या भटांनी ते नापास केलं, हे जोतिबांनीच 'गुलामगिरी'त लिहून ठेवलंय. १९७९ पर्यंत ते छापून बाहेरसुद्धा आलं नाही. सव्वाशे वर्षं!

या नाटकात एक विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक आठवा : जातीनं ब्राह्मण, राजाचा मित्र, लाडूवर टपलेला. त्याचं काम राजाची करमणूक. जोतिबांनी त्या विदूषकाला राजाच्या मांडीवरून उठवला आणि लुबाडल्या जाणाऱ्या माणसांच्या शेजारी उभा केला. जोशी काही बोलला की हा मध्येच प्रेक्षकांना सांगतो, बघा, हा असं का बोलतोय ते. तो हसवतो, पण कुणाला फसवतायत आणि कोण फसवतंय हे तो एक क्षण विसरू देत नाही. त्याला कुणाची बिदागी नको आहे. आमच्या रंगभूमीचा पहिला विनोदी नट हा असा आहे. आणि तो पुस्तकात सव्वाशे वर्षं कोंडून ठेवलेला होता.

*

कोंडलेला असला तरी त्याची पोरं गावोगाव हिंडत होती. आधी सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तीसच्या दशकात तमाशाचाच सांगाडा घेतला आणि आतलं सगळं बदललं. हास्य ठेवलं. कपाळाला गंध लावून लुबाडणारा ठेवला, सावकार ठेवला, त्यांना हसवून हसवून नागडं केलं. आणि त्याबरोबर आपल्याच माणसाला, मेलेलं ढोर ओढणाऱ्याला, पोराला शाळेत न घालणाऱ्याला चिमटा काढला. पण त्याला हीन केलं नाही. हा फरक मोठा आहे. आईनं कान धरणं वेगळं आणि शेजाऱ्यानं थोबाडीत मारणं वेगळं.

पुढे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं, गण बदलला, गिरणगावातला कामगार मालकाला हसायला शिकला. माझा बाप या खेळांबद्दल बोलताना अजून हसायचा. बोलता बोलता त्याला ठसका लागायचा.

मग काय झालं? इथं मला आपल्याच घरात बोट दाखवायचंय. राग आला तर येऊ द्या.

सत्तरीत दलित रंगभूमी उभी राहिली. भि. शि. शिंद्यांचं 'काळोखाच्या गर्भात', प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी', पुढे दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा'. यांनी जे केलं ते करणं भाग होतं. रंगमंचावर आमचं दुःख प्रथमच आमच्या तोंडून बोललं गेलं. 'घोटभर पाणी' एकांकिकेला ना नेपथ्य लागत, ना पैसा, म्हणून ती कुठंही झाली. मी ही नाटकं बघून रडलो, मुठी आवळल्या. पण हसलो नाही. दुसरीकडे हसायला गेलो. ज्यांच्याकडे गेलो ते 'पानी'ला हसवत होते.

आमच्या लेखकांनी हसू का टाकलं ते मला कळतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला गावानं सोंग करायला लावलं, नाचायला लावलं, त्याच्या पोराला हातात लेखणी आल्यावर पुन्हा सोंग नको वाटणारच. बाबासाहेबांमागून माणसानं ताठ उभं राहायचं ठरवलं. ताठ उभा राहिलेला माणूस वाकून मुजरा करत नाही तसा वाकडा चेहराही करत नाही. ठीक आहे. पण आपण मुजरा टाकताना हसूही टाकलं. ते हत्यार रस्त्यावर पडलं आणि दुसऱ्यांनी उचललं. माझं म्हणणं चूक असेल तर लिहा. पण आधी आठवून बघा : आपल्या नाटकांतली किती पात्रं तुम्हाला हसताना आठवतात?

*

म्हणून 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आलं तेव्हा, २०१२ मध्ये, माझ्यासारख्या व्यसनी माणसाला उपासानंतर जेवण मिळाल्यासारखं झालं. कल्पना संभाजी भगतांची, लेखन राजकुमार तांगड्यांचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं. नट बरेचसे जालन्याकडचे, शेती करणारे. यम शिवाजीला न्यायला येतो. शिवाजी म्हणतो माझे विचार इथंच ठेवतो. ते विचार आहेत पगडीत, आणि ती पगडी हरवते. आता ती पगडी कुणाच्या डोक्याला बसते ते यमाला शोधायचंय. बघा गंमत! ज्या नावाचा नुसता उच्चार केला तरी दंगल होईल अशी भीती घातली जाते, त्या नावावर हे लोक दोन-अडीच तास सभागृह हसवतात. महाराजांना कुणी हसत नाही. महाराजांच्या नावानं दुकान मांडणाऱ्यांना हसतात.

मी ते मुंबईत बघितलं. पहिल्या रांगांत उच्चवर्णीय, मागे आमची माणसं, वर बाल्कनीत कॉलेजची पोरं. पहिल्या दहा मिनिटांत हशा मागून सुरू झाला आणि पुढे गेला. एवढी वर्षं मी उलटं बघत आलो होतो. हशा पुढच्या खुर्च्यांतून निघायचा आणि आम्ही बाल्कनीत तो उचलायचो. त्या दिवशी पुढचे लोक मागे वळून बघत होते, ही माणसं कशाला हसली म्हणून. तो सोंगाड्या, तो विदूषक परत आला होता. परवाना न मागता.

आणि आता पोरं स्टँडअपमध्ये उतरलीयत. बस्तरचा मनजीत सरकार, बीडची अंकुर तांगडे. यांनी आपल्या जातीचं नाव घेऊन माईक धरला. 'ब्लू मटेरियल' या नावाखाली दलित विनोदकार एकत्र आले. या धंद्यात ब्लू म्हंजे घाणेरडा, चावट माल. या पोरांनी तो शब्द उचलून आपला निळा केला. असल्या एका कार्यक्रमाला भाचीच मला घेऊन गेली. सगळेच विनोद जमलेले नव्हते. काही ठिकाणी पोरगं विनोद सोडून भाषण करायला लागलं, तेव्हा मी खुर्चीत चुळबुळ केली. विनोद हा विनोदच झाला पाहिजे, आपला आहे म्हणून त्याला ग्रेसचे मार्क देऊ नका. पण एक गोष्ट घडली. एका वाक्याला भाची हसली आणि तिचा हात माझ्या मनगटावर नव्हता. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

*

एवढ्यानं आपण जिंकलो असं समजू नका. आपल्या अंगणातही घाण आहे. जयंतीच्या स्टेजवर मी विनोदवीर बघितलेत. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून झाल्यावर पंधरा मिनिटं बायकोच्या जाडीवर, सासूच्या तोंडावर, हिजड्यांच्या टाळीवर विनोद. पुढं बसलेल्या आमच्या आया-बहिणी पदर तोंडाला लावून हसतात. का हसतात? भाची हसली त्याच कारणानं. नाही हसलं तर शेजारणीला कळेल.

तमाशाच्या बाईचं आपण काय केलं तेही आठवा. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली राष्ट्रपती पदक, १९९० साली पुन्हा. २००२ साली गेल्या, शेवटचे दिवस हलाखीत. तंबूत शिट्ट्या मारणारे हजारो होते, त्यांत आमचेही होते. जो दुसऱ्याच्या विनोदात आपली जात ओळखतो त्याला आपल्या विनोदातली बाई दिसली पाहिजे. नाहीतर आपण फक्त पाटलाच्या बाजेवर जागा मागतोय, बाज मोडत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. कोट्यावर विनोद झाला की आपले काही मित्र म्हणतात, केस टाका, शो बंद पाडा. संताप मला कळतो. जिथं सरळ जातीवाचक अपमान आहे तिथं कायदा आपल्याला बाबासाहेबांमुळेच मिळालाय, वापरायचा तिथं जरूर वापरा. पण बंदीचं हत्यार कुणावर चालतं याचा हिशेब ठेवा. इंग्रजांनी १८७६ साली नाटकांवर बंदी घालायचा कायदा केला. महाराष्ट्रात अजूनही नाटकाची संहिता आधी परीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. मुनव्वर फारुकी या विनोदकाराला १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये पकडलं, न केलेल्या विनोदासाठी, आणि महिन्याहून जास्त काळ आत ठेवलं. सुप्रीम कोर्टानं जामीन दिला तेव्हा सुटला. कबीर कला मंचाच्या शाहिरांनी गाण्यासाठी तुरुंग बघितला. कोट्याची टिंगल करणारा यातला एकही नाही. बंदीचा दांडका आपण आज दुसऱ्याच्या हातात दिला तर तो उद्या आपल्याच शाहिराच्या डोक्यात बसणार.

*

मग करायचं काय?

माझ्याजवळ कार्यक्रमपत्रिका नाही. पन्नास वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाचं थोडं शहाणपण आहे, तेवढं देतो.

पहिलं, जा. घरात फोनवर बघू नका, तिथं जा. नाटकाला जा, तमाशाला जा, या पोरांच्या शोला जा. तिकीट काढून जा. आमचे तमाशे मरतायत आणि आपण त्यावर पीएचडी करतोय. नारायणगावला अजून राहुट्या पडतात, गावजत्रांच्या सुपाऱ्या तिथं ठरतात. एकदा जाऊन बघा, त्या माणसांशी बोला. त्यांना विचारा रात्रीची मुभा दिवसाची कधी होणार.

दुसरं, लिहा. विनोद लिहा. आपल्या वस्तीत जे हसू रोज चाललेलं असतं, नळावर, मयतीच्या मांडवात, कोर्टाच्या ओसरीत, बीडीडीच्या जिन्यात, ते कुठं लिहून ठेवलंय? माझा बाप संपात उपाशी होता तेव्हा जे बोलायचा त्यावर आख्खी चाळ हसायची. त्यातलं एकही वाक्य मी लिहून ठेवलं नाही. हा माझा गुन्हा.

तिसरं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात अवघड. हसू आलं नाही तर हसू नका.

एवढंच. ओरडू नका, उठून जाऊ नका, चप्पल काढू नका. नुसतं बसा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. स्टेजवरच्या माणसाला शिवीचं काही वाटत नाही, शिवीला तो उलट उत्तर देतो आणि त्यावर आणखी हशा घेतो. पण न हसणारा चेहरा त्याला लगेच दिसतो. शंभर माणसांच्या खोलीत दहा चेहरे हसले नाहीत तर तो विनोद लंगडायला लागतो. पुढच्या वेळी तो बोलताना त्याला ते दहा चेहरे आठवतात.

परवा भाची एका शोला गेली होती. मी नव्हतो. ऑफिसची तीच मंडळी बरोबर. पुन्हा तसलाच एक विनोद झाला. घरी आल्यावर तिनं फोन केला.

"मामा, आज नाही हसले."

"मग?"

"शेजारच्या पोरीनं बघितलं माझ्याकडे."

"काय म्हणाली?"

"काही नाही. थोड्या वेळानं तीपण थांबली हसायची. मामा, मला वाटतं तीपण आपल्यातलीच आहे. तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतेय."

जय भीम.